नूतन वृक्षांचे रोपण व जलसिंचन : सुरत येथील देवस्थान-परिसरासाठी मार्गदर्शक माहिती

॥ श्री ॥

सुरत ही सूर्यकन्या तापीमातेच्या तीरावर वसलेली नगरी होय. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून, खानदेशाची भूमी समृद्ध करीत तापीमाता सुरतेजवळ सागरास मिळते. येथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे मूळची खानदेशातील आहेत. गावाकडचे पाणी आणि येथील पाणी त्यांच्यासाठी एकाच मातेचा प्रसाद आहे. याच तीरावर अश्विनीकुमार घाटाजवळ ‘तीन पानांचा वड’ आहे. दानशूर कर्णावर भगवान श्रीकृष्णांनी येथे अंत्यसंस्कार केले व त्या स्थळी हा वड उगवला, अशी आख्यायिका येथील भाविक श्रद्धेने सांगतात. नदी, वृक्ष आणि देवस्थान यांचे नाते या नगरीत असे प्राचीन आहे.

मंदिराच्या आवारात वृक्ष लावावा ही इच्छा प्रत्येक भाविकाच्या मनात असते. वाढदिवस, पुण्यतिथी, उत्सव अशा निमित्ताने रोपे लावलीही जातात. परंतु पावसाळ्यात उत्साहाने लावलेले रोप पुढील वैशाखात वाळून गेलेले दिसावे, हाही अनेक ठिकाणचा अनुभव आहे. रोपण हा एका दिवसाचा विधी आहे, तर जलसिंचन हे किमान तीन वर्षांचे व्रत आहे. त्या व्रताची माहिती भाविक व न्यासाचे सभासद यांना एकत्र मिळावी, या हेतूने प्रस्तुत लेख देण्यात येत आहे.

१. शास्त्र व परंपरा

मत्स्यपुराणात पार्वतीमातेने अशोकाचे रोप पुत्रवत् वाढविल्याची कथा आहे. एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा होय, हा सुप्रसिद्ध विचार त्याच प्रसंगी येतो. महाकवी कालिदासांची शकुंतला आश्रमातील वृक्षांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसे. या दोन्ही ठिकाणी गौरव केवळ रोप लावण्याचा नाही, ते जोपासण्याचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

इसवी सनाच्या सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. लावलेल्या वृक्षांना उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे, असे त्यात सांगितले आहे. दोन वृक्षांमधील अंतर वीस हात असल्यास उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान मानले आहे. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरल्यास ही अंतरे अनुक्रमे ३०, २४ व १८ फूट होतात. चौदाशे-पंधराशे वर्षांनंतरही ही मापे आवाराचा आराखडा करताना उपयोगी पडतात.

मराठी राज्यातील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंबा-फणसादी झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, अशी ताकीद आहे. स्वतंत्र भारतात सन १९५० मध्ये वनमहोत्सवाचा प्रारंभ करणारे तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी हे सुरतेच्या शेजारच्या भरुचचे सुपुत्र होत.

२. सुरतची भूमी, पाऊस आणि पाणी

सुरतेत वर्षाला सरासरी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस होतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने रोपाला पाऊस नाही, असेच धरून चालावे. चार महिने पाण्याची अतिवृष्टी आणि आठ महिने पाण्याची वाट, या दोन्ही परीक्षा रोपाला द्याव्या लागतात.

शहर व परिसरात बहुतांशी काळी चिकणमाती आणि नदीकाठी गाळाची जमीन आढळते. काळी माती भिजली की फुगते व पाणी धरून ठेवते. सुकली की तिला भेगा पडतात, त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात आणि उरलेला ओलावाही निघून जातो. नव्या वसाहतींत पुष्कळदा बांधकामाच्या राडारोड्याचा भराव असतो. त्यात पाणी थांबत नाही, मुळांना मातीही मिळत नाही. असा भराव खड्ड्यापुरता काढून चांगली माती भरावी.

सिंगणपोरच्या कॉजवेच्या खालील पात्रात समुद्राच्या भरतीचे पाणी येते. हजीरा, डुमस, ओलपाड या किनाऱ्याकडील भागांत भूजल खारट असण्याचा संभव अधिक असतो. यास्तव बोअरवेलचे पाणी रोपांना देण्यापूर्वी त्यातील क्षार एकदा तपासून घ्यावेत. पाणी सुकल्यावर मातीवर पांढरा थर येत असेल, तर ते क्षाराचे लक्षण होय. जलशुद्धीकरणाच्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वाया जाणाऱ्या पाण्यातही क्षार एकवटलेले असतात. ‘पाणी वाचविणे’ या सद्हेतूनेही ते कोवळ्या रोपांना घालू नये.

३. वृक्षांची निवड

रोपे वनविभागाच्या किंवा खासगी रोपवाटिकेतून घेताना गुजराती नावे ठाऊक असल्यास चूक होत नाही. म्हणून ती कंसात दिली आहेत.

• विस्तीर्ण जागेसाठी : वड (वड), पिंपळ (पीपळो), उंबर (उमरो). इमारत, कुंपणाची भिंत व जलवाहिनी यांपासून किमान ४० ते ५० फूट अंतर असेल तरच हे वृक्ष लावावेत. भरुचजवळ नर्मदेच्या बेटावरील कबीरवडाचा विस्तार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण निराळे सांगावयास नको. मंदिराच्या शिखरावर वा भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासह काढून योग्य जागी लावावे.

• पूजोपयोगी मध्यम वृक्ष : बेल (बीली), शमी (खीजडो), आवळा (आंबळा), बकुळ (बोरसली). बेल व शमी उंचवट्यावर लावावेत. शमी मूळची कोरड्या प्रदेशातील असल्याने तिला अति पाणी मानवत नाही.

• सखल जागेसाठी : अर्जुन, जांभूळ (जांबु), कदंब, करंज. यांना काही दिवस साचलेले पाणी सहन होते. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता, हे स्मरून सखल आवारात याच वृक्षांचा विचार आधी करावा.

• किंचित खारट जमिनीसाठी : करंज, पीलू (पीलुडी), चिंच (आंबली).

• सावली व शोभेसाठी : कडुनिंब (लीमडो), बहावा (गरमाळो).

अशोकाच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे. गुजरातेत तोरणासाठी ज्याची पाने वापरतात तो उंच सरळ ‘आसोपालव’ निराळा आणि केशरी-तांबड्या फुलांचा सीता-अशोक निराळा. पुराणांतील अशोक म्हणून लावावयाचा असेल तर सीता-अशोकच मागावा. त्याला अर्धवट सावली व ओलावा आवडतो.

झटपट हिरवळ होते म्हणून काही वर्षांपूर्वी सर्वत्र लावले गेलेले कोनोकार्पस हे झाड लावू नये. त्याच्या परागकणांचा आरोग्यावर व मुळांचा जमिनीखालील वाहिन्यांवर होणारा परिणाम लक्षात घेऊन गुजरात राज्याच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली आहे.

४. खड्डा व रोपण

तीन ते पाच फूट उंचीच्या रोपासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा वैशाखातच खणून उन्हात तापू द्यावा. काळ्या मातीत कुदळीने खणलेल्या खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत होतात व पावसाळ्यात तो खड्डा पाण्याने भरलेल्या रांजणासारखा होतो. म्हणून बाजू टोकदार अवजाराने खरवडून घ्याव्यात. शक्य असल्यास खोली न वाढविता रुंदी वाढवावी. खड्डा भरताना त्याच जागेची माती मुख्यत्वे वापरावी आणि तीत सुमारे चौथा हिस्सा पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. वाळवीचा उपद्रव असल्यास थोडी निंबोळी पेंड घालावी. ताजे शेण किंवा न कुजलेले निर्माल्य खड्ड्यात टाकू नये. ते कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने मुळे भाजतात.

रोपणासाठी पहिल्या दमदार पावसाने जमीन खोलवर भिजल्यानंतरचा काळ उत्तम. वटपौर्णिमा सामान्यतः पावसाच्या तोंडावर येते, तेव्हा कधी कधी जमीन भिजलेली नसते. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीमातेचा जन्मदिवस सुरतेत भक्तिभावाने साजरा होतो. बहुधा तोवर पाऊस स्थिरावलेला असतो. यामुळे या तिथीस सामुदायिक रोपण करणे धर्म व कृषी या दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते.

रोप लावताना प्लास्टिकची पिशवी संपूर्ण काढावी. मुळे पिशवीच्या आकाराने गोल गुंडाळलेली असल्यास ती हाताने मोकळी करावीत, फार गुंतलेली असल्यास तीन-चार ठिकाणी उभा छेद द्यावा. तसे न केल्यास तीच मुळे काही वर्षांनी खोडाला फास लावतात. जेथे खोड संपून मुळे सुरू होतात तो भाग जमिनीच्या पातळीवर असावा. काळ्या मातीत तो तीन-चार बोटे वरच ठेवावा. खोड मातीत गाडले गेल्यास साल कुजते. रोपाशेजारी दोन काठ्या रोवून मऊ कापडाने सैल आधार द्यावा व वर्षभरात तो काढावा. गुरांपासून रक्षणासाठी जाळी लावावी.

५. जलसिंचन : केव्हा, किती आणि कोठे

नव्या रोपाची सर्व मुळे आरंभी पिशवीएवढ्या मातीच्या गोळ्यातच असतात. आजूबाजूची माती ओली असली तरी तो गोळा कोरडा पडू शकतो. म्हणून पहिले दोन महिने पाणी थेट त्या गोळ्यावर पोहोचेल असे घालावे. त्यानंतर मुळे बाहेर पडू लागतात. तेव्हा खोडापासून वीतभर जागा सोडून भोवती गोल आळे (ज्यास गुजरातीत ‘खामणुं’ म्हणतात) करून त्यात पाणी द्यावे व दरवर्षी आळ्याचा घेर वाढवीत न्यावा.

मुळे पाण्याच्या मागे जातात. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्यास वरची दोन बोटे माती तेवढी भिजते, मुळे वरच राहतात व उन्हाने होरपळतात. त्याऐवजी तीन दिवसांनी बादलीभर पाणी सावकाश मुरेल असे दिल्यास ते खोल जाते आणि मुळेही खोल जातात. मंदिरात येणाऱ्या प्रत्येक भाविकाने थोडे थोडे पाणी वाहणे ही पूजा झाली. ती झाडाची तहान भागवील असे मानू नये.

तीन ते पाच फूट उंचीच्या रोपासाठी साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे ठेवावे :

• रोपणाच्या दिवशी : १५ ते २० लिटर, पाऊस पडत असला तरीही. यामुळे मातीतील पोकळ्या भरतात.
• पावसाळ्यात : आठवडाभर पाऊस उघडल्यास व माती सुकल्यासच पाणी द्यावे. आळे मोडून पाण्याला वाट करून द्यावी.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर : दर चार-पाच दिवसांनी १५ लिटर.
• डिसेंबर ते फेब्रुवारी : दर आठवड्यास १५ लिटर.
• मार्च ते पाऊस सुरू होईपर्यंत : दर तीन दिवसांनी १५ लिटर.
• दुसरा उन्हाळा : दर पाच दिवसांनी ३० लिटर.
• तिसरा उन्हाळा : दर दहा दिवसांनी ६० लिटर.

वाळूमिश्रित वा भरावाच्या जमिनीत पाणी थोडे अधिक वेळा, काळ्या मातीत थोडे कमी वेळा द्यावे. वेळ सकाळची लवकर अथवा सूर्यास्तानंतरची असावी. वराहमिहिरांनी पावसाळ्यासाठी सांगितलेला ‘जमीन सुकेल तेव्हा’ हा नियम वस्तुतः बाराही महिने उपयोगी आहे. आळ्यात वीतभर खोल लोखंडी सळई वा काठी खुपसून पाहावी. तिला ओली माती चिकटून आल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये.

ही परीक्षा विशेषतः पावसाळ्यात महत्त्वाची आहे. पाणी साचलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळे गुदमरून कुजतात व झाडाला पाणी शोषता येत नाही. त्याची पाने तहानलेल्या झाडासारखीच मलूल होतात. हे पाहून प्रेमळ भाविक आणखी पाणी घालतात आणि झाड दगावते. मलूल पान दिसले की हात बादलीकडे नेण्यापूर्वी सळई मातीत घालावी.

आळ्यात वाळलेल्या पाल्यापाचोळ्याचे तीन-चार इंच जाड आच्छादन घालावे. ते खोडाला टेकू देऊ नये. काळ्या मातीला भेगा पडू न देण्याचा यासारखा सोपा उपाय नाही. मंदिराचे आवार झाडताना जमा होणारा पाला यासाठीच वापरावा, जाळू नये. जेथे रोज लक्ष देणे शक्य नाही तेथे आठ-दहा लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे व झाकावे. त्यातून पाणी हळूहळू झिरपत राहते.

६. पाण्याचा हिशेब आधी, रोपांची संख्या नंतर

१ मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १०५ दिवस होतात. दर तीन दिवसांनी १५ लिटरची एक बादली धरल्यास एका रोपास पहिल्या उन्हाळ्यात ३५ बादल्या, म्हणजे ५२५ लिटर पाणी लागते. पंचवीस रोपे असतील तर १३,१२५ लिटर. दुसऱ्या व तिसऱ्या उन्हाळ्यात एकूण पाणी कमी होत नाही, उलट थोडे वाढते, फेऱ्या मात्र कमी होतात. एवढे पाणी आणि ते घालणारे हात उपलब्ध आहेत काय, याचा विचार करूनच रोपांची संख्या ठरवावी. जगलेली पाच झाडे ही वाळलेल्या पन्नास रोपांहून देवास अधिक प्रिय होतील, यात संशय नाही.

सुरतेत एक अडचण हटकून येते. एप्रिल-मे मध्ये शाळांना सुट्टी लागताच व लग्नसराई सुरू होताच अनेक कुटुंबे गावी जातात. झाडांना पाण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्याच आठवड्यांत असते. म्हणून पाळीपत्रक फाल्गुनातच तयार करावे, गावी न जाणाऱ्यांची नावे आधी लिहून घ्यावीत आणि प्रत्येक झाडामागे दोन कुटुंबे नेमावीत. दिवाळीच्या सुट्टीतही हीच व्यवस्था असावी.

७. देवस्थानातील विशेष दक्षता

• खोडाभोवती फरशी वा सिमेंट बसविताना चारही बाजूंनी किमान तीन फूट माती मोकळी ठेवावी. पार बांधावयाचा असल्यास झाड पूर्ण वाढू द्यावे आणि खोडाभोवती मातीचा भर घालू नये.
• मुळाशी दूध, तेल, तूप, मीठ वा साखर घालू नये. दुधामुळे मातीचा वरचा थर घट्ट होतो, दुर्गंधी सुटते व मुंग्या-किडी येतात. शुद्ध जल हेच वृक्षाचे नैवेद्य समजावे.
• केवळ जलाच्या अभिषेकाचे पाणी चर काढून झाडांकडे न्यावे, मात्र ते आळीपाळीने वेगवेगळ्या आळ्यांत सोडावे. पंचामृताचे पाणी व निर्माल्य खतकुंडीत टाकून पूर्ण कुजल्यावरच वापरावे.
• दिवा व उदबत्ती खोडापासून दूर ठेवावी. खोडाला खिळे, फलक, विजेच्या माळा लावू नयेत. वटपौर्णिमेचे सूत सुती असावे व पूजेनंतर काही दिवसांनी सैल करावे. नायलॉनचा दोरा वाढत्या खोडात रुततो.
• कोवळ्या बेलाची, शमीची व आपट्याची पाने पहिली तीन वर्षे तोडू नयेत. पाने ही झाडाचे स्वयंपाकघर होत. श्रावणात वा दसऱ्याला ती ओरबाडल्यास मुळे दुबळी राहतात व पुढील उन्हाळा झाडाला सोसत नाही.
• वटपौर्णिमेस वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून पुजण्याऐवजी जिवंत वडास पाणी घालावे.

८. नोंद व संकल्प

प्रत्येक झाडास क्रमांक देऊन न्यासाच्या कार्यालयात एक वृक्ष-नोंदवही ठेवावी. तीत जात, रोपणाची तिथी व दिनांक, पालक कुटुंबे, पाणी दिल्याच्या तारखा आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या अखेरीस झाडाची स्थिती लिहावी. मेलेल्या झाडाचीही नोंद कारणासह ठेवावी. पाणी कमी पडले, अधिक झाले, क्षार होते की गुरांनी खाल्ले, हे कळल्याशिवाय पुढील वर्षी तेथे दुसरे रोप लावू नये.

वृक्षदान करू इच्छिणाऱ्या भाविकांना सूचना अशी, की दानाच्या संकल्पात रोपाबरोबर पहिल्या उन्हाळ्याच्या ३५ बादल्यांचाही उच्चार करावा. स्वतः येणे शक्य नसल्यास तेवढ्या पाण्याची व श्रमाची व्यवस्था न्यासाकडे आधी लावून द्यावी. दात्याच्या नावाचा फलक रोपणाच्या दिवशी न लावता तिसरा उन्हाळा पार पडल्यावर लावण्याची प्रथा सुरू करणे हितावह होईल. तोवर झाडाची मुळे खोल गेलेली असतात, आणि त्याच्याखाली एखादा वाटसरू टेकू शकेल एवढी सावलीही धरलेली असते.

सर्व भाविकांनी व सभासदांनी या कार्यास तन-मन-धनाने साह्य करावे, ही नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥